सुपरमॅन अँड लोइस: पोरांचं कळलं, पण नातवंडांचं काय? (स्पॉयलर आहेत, नंतर ओरडू नका)

लाल_टॉवेल
तर मंडळी, काल रात्री चौथा सीझन दुसऱ्यांदा संपवला. डोळे सुजलेत, सकाळपासून विचारणाऱ्या प्रत्येकाला ॲलर्जी झालीये म्हणून सांगतेय. शेवटच्या भागात ते आयुष्य भर्रकन पुढे सरकतं ना, मुलं मोठी होतात, संसार थाटतात, मग नातवंडांचा तो गलका, तिथे मी पॉज केलं आणि रडता रडता डोक्यात किडा शिरला की ह्यातल्या कुणाकुणाला उडता येत असेल? मला तरी त्या झटपट दृश्यांवरून काही ठरवता आलं नाही.
ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: क्लार्क केंट (म्हणजेच सुपरमॅन) आणि लोइस लेनला जुळे मुलगे, जॉनथन आणि जॉर्डन, मालिका सुरू होते तेव्हा १४ वर्षांचे. जॉनथन म्हणजे हसतमुख, फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, सगळ्यांचा लाडका. जॉर्डनला सोशल अँक्झायटी, हेडफोन लावून कोपऱ्यात. बापाच्या पॉवर्स कुणाला येणार म्हटलं तर कुणीही जॉनथनकडेच बोट दाखवेल, क्लार्कलाही तसंच वाटत असतं. आणि पहिल्याच भागात निघतं भलतंच. हीट व्हिजन, म्हणजे नजरेतून आग ओकणं, ते जॉर्डनच्या डोळ्यांतून.
मग तीन सीझन जॉनथन कोरडा. आणि चौथ्यात अचानक त्यालाही.
माझं मत आधीच सांगून टाकते, जॉनथनला पॉवर्स दिल्या तिथे मालिकेने हातातला सगळ्यात भारी पत्ता स्वतःच फेकून दिला. पण दिल्या तर दिल्या, आता नातवंडांना येतील का? थिअऱ्या टाका.

बंड्या_रिटर्न्स
पहिला!!
वाचून येतो.

बंड्या_रिटर्न्स
वाचलं. असहमत. अगं बाप मेलाय, डूम्सडे नावाच्या राक्षसाने मारलाय आणि पोराला बरोब्बर त्याच वेळी पॉवर्स येतात, ह्याहून जबरदस्त टायमिंग काय असणार? मी तर सोफ्यावर उभा राहिलो होतो. तीन सीझन वाट बघितली त्या पोराने, आपणही बघितली. एवढं तर मिळायलाच पाहिजे होतं त्याला.

शेवटचा_बाक
"मिळायलाच पाहिजे होतं" हेच तर खटकतं ना बंड्या. जणू काही पॉवर्स नसणं म्हणजे शिक्षा होती आणि ती भोगून झाली म्हणून सुटका.
आठव बरं पहिल्या सीझनमध्ये काय होतं. त्या पोराचा घरात एकच कोपरा उरलेला असतो, फुटबॉल. आणि जॉर्डन पॉवर्स वापरून तिथेही घुसतो. जॉनथनचा चेहरा बघ त्या भागात. आधी राग, मग भाऊ पहिल्यांदा कशात तरी रमलाय हे दिसल्यावर तो राग गिळून टाकणं. काहीही उडत नाही, काहीही फुटत नाही, आणि तरी मला पूर्ण मालिकेत तोच सीन सुपरहिरोचा वाटतो. हे सगळं उभं राहतं ते त्याच्याकडे काही नाही म्हणून. तिसऱ्या सीझनमध्ये तो फायर स्टेशनला जायला लागतो, काइलच्या हाताखाली शिकतो. आगीत शिरायचं आणि कातडी जळू शकते हे माहीत असताना शिरायचं. त्याचा बाप कधीच तसा शिरलेला नाही. बापाला आग लागतच नाही हो!
मग चौथ्यात पॉवर्स दिल्या आणि संपलं. तोही आता न जळणारा.

लाल_टॉवेल
शेवटचा_बाक, एक कडक सॅल्यूट. मला हेच म्हणायचं होतं पण रडण्यामुळे जमलं नाही.

उशिरा_आलो
अरे यार मी दुसऱ्या सीझनवर आहे!!!! सुपरमॅन मरतो???

बंड्या_रिटर्न्स
@उशिरा_आलो शीर्षक वाच की लेका. आणि मरतो म्हणजे, जाऊ दे, पुढचं सांगत नाही.

मधली_सुट्टी
विषय नातवंडांचा आहे म्हणून त्यावर येते. मला हे सगळं जरा गंडलेलं वाटतं कारण मालिकेला स्वतःचेच नियम आठवत नाहीत. दुसऱ्याच भागात क्लार्क जॉर्डनला बर्फातल्या त्या फोर्ट्रेसमध्ये नेतो, तिथे आजोबा जोर-एलचा होलोग्राम तपासून सांगतो की ह्याच्यातला माणसाचा अंश आडवा येतोय, पोरगा कधीच बापाइतका होणार नाही. किती वाईट वाटतं जॉर्डनला. आणि पुढे? एकेक करत सगळंच येत जातं. म्हणजे आजोबांचं निदान साफ चुकलं. एवढी प्रगत संस्कृती, पण सेकंड ओपिनियन घ्यायला हवं होतं :)

गुणसूत्र
आता माझ्या आवडीचा विषय निघालाय त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.
समजा पॉवर्स एकाच जीनमुळे येतात. क्लार्कचे आईबाप दोघेही क्रिप्टन ग्रहावरचे, त्यामुळे त्याच्याकडे त्या जीनच्या दोन्ही प्रती. लोइसकडे एकही नाही. तो जीन प्रभावी असेल तर प्रत्येक मुलाला एक प्रत मिळणारच आणि प्रत्येक मुलाला पॉवर्स येणारच, जॉर्डनला येऊन जॉनथनला न येणं शक्यच नाही. जीन अप्रभावी असेल तर उलट, दोघांनाही नाही. मेंडेलने वाटाण्यांवर जे दाखवलं ते लावलं तर दोन मुलांमध्ये फरक पडायला जागाच नाही.
बरं, एक्स गुणसूत्रावर असेल? बापाचा एक्स फक्त मुलींना जातो, मुलग्यांना बापाकडून वाय मिळतो. म्हणजे मग दोन्ही मुलगे कोरडे. वायवर असेल? दोघांनाही.
म्हणजे बघा, शाळेत शिकवतात त्यातला कुठलाही सरळ हिशोब पहिल्या तीन सीझनना लागू पडत नाही, आणि गंमत अशी की जॉनथनला चौथ्यात पॉवर्स आल्यामुळेच तो पहिल्यांदा लागू पडतो! प्रभावी जीन, दोघांनाही मिळालेला, फक्त दिसायला लागण्याची वेळ वेगळी. केस पांढरे होणं घ्या, एकाला विशीत, एकाला पन्नाशीत. जीन जन्मापासून असतो, दिसतो सवडीने. त्यात हे एकसारखे दिसणारे जुळे नाहीत, दोन वेगळ्या अंड्यांतून आलेले, म्हणजे जनुकांच्या हिशोबाने साधे भाऊच, सरासरी अर्धा माल सारखा, बाकी वेगळा. तो बाकीचा माल ठरवणार की बटण कधी दाबलं जाणार.
त्यामुळे शेवटचा_बाक आणि लाल_टॉवेल, तुमचं दुःख समजतं पण विज्ञान लेखकांच्या बाजूने आहे.

शेवटचा_बाक
सर, विज्ञान कुणाच्याही बाजूने असो, मी जॉनथनच्या बाजूने आहे.

गुणसूत्र
सर नाही, बाई. चार वर्षं झाली मला इथे येऊन.

शेवटचा_बाक
अर्रर्र, सॉरी बाई. नाव लक्षात राहिलं, बाकी काही बघितलंच नाही कधी.

टोमणे_पोस्टाने
गुणसूत्र बाई, सगळं ठीक पण मुळात क्रिप्टनचा पुरुष आणि पृथ्वीची बाई ह्यांना मूल होतं हे तुम्ही चहासोबत गिळलंत? घोडा आणि गाढव चुलत नातलग, एकाची ६४ गुणसूत्रं, दुसऱ्याची ६२, तरी खेचराला ६३ येतात आणि बिचाऱ्याची पुढची पिढीच बंद. इथे तर ग्रहच वेगळा. माणूस आणि गुलाबाचं झुडूप लांबचे का होईना एकाच मुळातून आलेत, क्लार्क तर आपल्या तेवढ्याही नात्यात नाही. त्या हिशोबाने जॉनथन आणि जॉर्डन दोघेही खेचर, नातवंडांचा प्रश्नच येत नाही. धागा बंद करा.

मधली_सुट्टी
हाहाहा खेचर :D
पण शेवटच्या भागात पोरांना पोरं दाखवलीत ना, म्हणजे खेचर थिअरी बाद.

टोमणे_पोस्टाने
बाद तर बाद. माणूस उडतो हे चालतं, मग गणितही चालवून घ्या.

गुणसूत्र
@टोमणे_पोस्टाने खेचराचा मुद्दा एकदम योग्य आहे आणि मला तो सुचला नाही ह्याची लाज वाटली. पण मालिकेत पोरं झालेली दाखवलीत म्हणून तसं धरून पुढे जाऊ. जॉनथन आणि जॉर्डनकडे प्रभावी जीनची एकेकच प्रत असणार. बायका पृथ्वीवरच्या. मग प्रत्येक नातवंडाच्या वेळी नाणेफेक, पन्नास टक्के. आणि नाण्याला मागचं काही आठवत नसतं, म्हणजे पहिल्या तिघांना आल्या म्हणून चौथा कोरडा जाणार असं काही नाही. एका घरात पाचही उडणारे, दुसऱ्या घरात पाचही चालणारे, होऊ शकतं. जेवायला सगळे एकत्र जमले की मजा.

बंड्या_रिटर्न्स
म्हणजे जॉनथनचं जे झालं ते पुन्हा प्रत्येक घरात!! आयला, सीक्वेल लिहा कुणीतरी.

निळं_उन्हाळं
पहिल्यांदाच लिहितोय इथे, सांभाळून घ्या. आतापर्यंत नुसता वाचत होतो.
सगळे जीनबद्दल बोलताय पण उन्हाचं काय? सुपरमॅनची ताकद सूर्यापासून येते, पेशी ऊन साठवतात, हे तर बेसिक आहे. मग वारसा पॉवर्सचा नसून ऊन साठवण्याच्या क्षमतेचा आहे. एकाची टाकी मोठी, एकाची लहान, एकाच्या टाकीला झाकण घट्ट. जॉर्डनची टाकी लहान पण झाकण सैल, म्हणून लवकर वाहायला लागली. जॉनथनची टाकी मोठी असेल, भरायलाच १७-१८ वर्षं लागली. ही माझी थिअरी, कुठे वाचलेली नाही. नातवंडांची टाकी अजून लहान असेल पण असेल.

गुणसूत्र
@निळं_उन्हाळं पहिल्या पोस्टमध्ये षटकार. टाकीची उपमा आता मी वर्गात ढापणार आहे.

निळं_उन्हाळं
धन्यवाद मॅडम _/\_

अर्धी_चड्डी
बाकीच्या मालिका बघा की, सगळ्यांचं आपापलं वेगळं लॉजिक आहे. इन्व्हिन्सिबलमध्ये बापाच्या व्हिल्ट्रम ग्रहाचे जीन्स एवढे दांडगे की आई कुणी का असेना, पोरगं जवळजवळ पूर्ण बापावर. मार्कला १७ व्या वर्षापर्यंत काही नाही, रोज वाट बघतोय, आणि मग कामाच्या ठिकाणी कचऱ्याची पिशवी डब्यात टाकायला म्हणून फेकतो आणि ती जाते ती आकाशातच जाते. खाली येतच नाही. तो वर बघत उभा. मला आजवरचा सगळ्यात आवडता पॉवर्स येण्याचा सीन तो, विजा नाहीत म्युझिक नाही, नुसती पिशवी. आणि त्यानंतर बापाचा, नोलनचा, चेहरा! पोरगा खुशीत सांगतोय आणि बापाला जेवढा आनंद व्हायला पाहिजे तेवढा होत नाहीये. पहिल्यांदा बघताना कळत नाही, दुसऱ्यांदा अंगावर काटा येतो.
पुढे ऑलिव्हर येतो, सावत्र भाऊ, आई तर पृथ्वीचीपण नाही, जांभळा रंग तिच्याकडचा आणि पॉवर्स बापाच्या. म्हणजे तिथे नाणेफेक वगैरे भानगड नाही, दोन्ही बाजूंना छापाच.

मधली_सुट्टी
आणि वांडाव्हिजन विसरलात? तिथेही जुळेच, बिली आणि टॉमी. बिली आईवर गेलाय, तिच्यासारखीच जादू. टॉमी पळतो सुसाट, पिएट्रोसारखा. म्हणजे एक आईवर आणि एक मामावर! मी जेव्हा बघितलं तेव्हा एवढी हसले, सगळीकडे तेच, नाक कुणासारखं तर मामासारखं.

टोमणे_पोस्टाने
ती मुलं जादूने झालेली आहेत. जादूने झालेल्या मुलांना जीन्स कुठून येणार?

मधली_सुट्टी
जादूने झाली तरी मामा खराच ना.

बंड्या_रिटर्न्स
मामा +१
पण मला एक सांगा, द फ्लॅशमध्ये बॅरी जन्मतः स्पीडस्टर, म्हणजे सुसाट पळणारा, नाहीच, त्याच्यावर वीज पडली, लॅबमधली केमिकल्स अंगावर सांडली, अपघात झाला. मग पाचव्या सीझनमध्ये भविष्यातून पोरगी येते, नोरा, आणि तीपण सुसाट. अपघात वारशात कसा जातो? माझ्या बाबांचा पाय लहानपणी मोडला होता, मी काही लंगडत जन्माला आलो नाही.

गुणसूत्र
बंड्या, हा प्रश्न फार मोठ्या लोकांना पडलेला आहे. लामार्क नावाचे गृहस्थ १८०९ मध्ये म्हणत होते की आयुष्यात कमावलेलं मुलांना मिळतं, जिराफाची मान ताणून ताणून लांब झाली वगैरे. पुढे वाइसमानने उंदरांच्या शेपट्या पिढ्यानपिढ्या कापल्या आणि तरी पिल्लं शेपटीसकट जन्माला येत राहिली. म्हणजे तुझ्या बाबांचा पाय.
पण बॅरीच्या बाजूने एक पळवाट आहे. १९२७ मध्ये मुलर ह्या शास्त्रज्ञाने फळमाश्यांवर एक्स-रे मारून दाखवलं की किरणांनी जीनमध्ये बदल होतात आणि ते पुढच्या पिढीत जातात, त्याबद्दल त्याला १९४६ चं नोबेलही मिळालं. अट एकच, बदल शुक्राणू किंवा अंडं तयार करणाऱ्या पेशींत व्हायला हवा. हाडात किंवा स्नायूत झाला तर तो त्याच्यासोबतच संपतो. तेव्हा विजेने बॅरीला नखशिखांत भाजलं असेल तर नोरा सुसाट असू शकते. नुसते पायच भाजले असते तर नाही.

शेवटचा_बाक
नोराचं निघालंच आहे म्हणून, तिथे मला वेगळंच आवडलं होतं. पॉवर्स असतात पण आईने, आयरिसने, चिप बसवून दाबून टाकलेल्या असतात आणि पोरीला मोठी होईपर्यंत पत्ताच नसतो. कळतं तेव्हा ती जी काय चिडते. तिच्या जागी मीही चिडलो असतो. पण आईकडूनही बघा ना, नवरा गायब झालाय असाच पळत पळत. कुठल्या आईला वाटेल पोरीने पळावं?
लोइसला जॉनथनचं काय वाटत असेल हेच मला नेहमी वाटायचं. एका पोराची काळजी कमी आणि एकाची जास्त, पण कुठल्या? जो उडतो त्याची की जो उडू शकत नाही त्याची?

लाल_टॉवेल
त्याचं उत्तर आहे ना मालिकेत! पहिल्या सीझनमधला आठवा भाग. जॉनथन दुसऱ्या पृथ्वीवरून आलेल्या त्या जॉन हेन्रीच्या गाडीत शिरतो, आत सगळी हत्यारं, थोडक्यात वाचतो. लोइस त्याच्यावर अशी ओरडते, अशी ओरडते की तो पांढराफटक पडतो. आणि मग ती थेरपिस्टकडे जाऊन बसते आणि हळूहळू बाहेर येतं की जुळ्यांनंतर तिला अजून एक मूल होणार होतं आणि ते राहिलं नाही. मुलगी. नाव ठरवलं होतं, नॅटली. आणि त्या गाडीत तिला कळतं की दुसऱ्या पृथ्वीवरच्या लोइसला खरोखरच नॅटली नावाची मुलगी आहे.
सुपरमॅनच्या मालिकेत हे! लोइस झालेल्या एलिझाबेथ टलोकला त्या एका भागासाठी काय द्यायचं ते द्या.
सो उत्तर असं की जो तुटू शकतो त्याची.

मधली_सुट्टी
तो भाग मी परत बघू शकलेले नाही. बाकी सगळे बघितलेत.

अर्धी_चड्डी
नॅटलीचा विषय निघाला तर हेही धरा की. तिच्याकडे एकही पॉवर नाही, बाप जॉन हेन्रीही साधा माणूस, पण बाप वर्कशॉपमध्ये सूट बनवतो आणि पोरगी त्याच्या शेजारी उभी राहून शिकते आणि स्वतःचा सूट बनवते. हाही वारसाच. इकडे जॉर्डनला झोपेत मिळालं आणि ही पोरगी बिचारी वेल्डिंग करतेय.

टोमणे_पोस्टाने
त्या हिशोबाने क्लार्कला स्वतःला काय मिळालं बघा. रक्ताच्या बापाकडून उडणं. आणि वागणं? ते सगळं त्याला वाढवणाऱ्या केंटांकडचं, ज्यांच्याशी रक्ताचा थेंबभर संबंध नाही. पहिल्या भागात सुरुवातीलाच तो एका मुलाला वाचवतो, पोरगा म्हणतो भारी आहे ड्रेस, आणि हा लाजून सांगतो की आईने शिवलाय. मी टोमणे मारायला आलो होतो ह्या मालिकेला. तिथेच आडवा झालो.

बंड्या_रिटर्न्स
स्क्रीनशॉट काढला. टोमणे साहेब हळवे झाले. तारीख नोंदवा.

उशिरा_आलो
मी दुसऱ्या सीझनचा तो उलटा ग्रहवाला भाग बघून आलो. तिथे उलट आहे, जॉनथनला पॉवर्स आणि जॉर्डन साधा!! आणि तिथला जॉनथन, जॉन-एल म्हणवतो स्वतःला, कसला माजोरडा निघालाय. म्हणजे लेखक आधीच सांगत होते ना की जॉनथनमध्ये जीन आहे??

गुणसूत्र
शाब्बास उशिरा_आलो! हा पुरावा आमच्यापैकी कुणीही मांडला नव्हता. आईबाप तेच, पोरं तीच, निकाल उलटा. म्हणजे दोघांकडेही माल होता, कुणाचं बटण आधी दाबलं जातं एवढाच फरक.

शेवटचा_बाक
मी तो भाग नेमका उलटा वाचतो. आपल्या जॉनथनला आरशात दाखवलं की बघ, मिळालं असतं तर तू असा झाला असतास. त्याच सीझनमध्ये आपला जॉनथन त्या एक्सकेच्या, म्हणजे थोडा वेळ ताकद देणाऱ्या ड्रगच्या, नादाला लागतो, टीममधले सगळे ओढतायत आणि हा एकटाच मागे पडतोय म्हणून. पकडला जातो, शाळेतून काढतात, आणि कुणी दिलं ते काही केल्या सांगत नाही कारण ती गर्लफ्रेंड आहे. घरात भाऊ भिंतीपलीकडचंही ऐकू शकतो आणि हा स्वतःच्या खोलीत दार लावून बसलाय. ज्याच्याकडे नसतं तो विकत घ्यायला जातो, ही गोष्ट लिहायला धाडस लागतं. म्हणून चौथ्या सीझनवर राग आहे माझा. तुम्ही कितीही जीन दाखवा बाई.

गुणसूत्र
दाखवणं थांबवते :) पटतंय तुमचं, फक्त कबूल करायला जड जातंय.

अर्धी_चड्डी
कॉमिक्समध्ये हा प्रॉब्लेमच नाही कारण तिथे क्लार्क-लोइसचा मुलगा जॉन एकटाच, २०१५ मध्ये जन्मलेला दाखवला, जुळा भाऊ वगैरे काही नाही. पण २०१६ च्या अंकांत एक प्रसंग आहे तो वाचला नसेल तर वाचा. पोरगा लहान, शेतात त्याची मांजर गोल्डी, तिला एक ससाणा उचलून नेतो. हा घाबरून तिला वाचवायला डोळे वर करतो आणि हीट व्हिजन सुटतं. ससाणाही जळतो आणि मांजरही. बस, पुढच्या चौकटीत पोरगा आणि राख. त्याच्यानंतर मला "पॉवर्स मिळाल्या" हा शब्दच चुकीचा वाटायला लागला.

मधली_सुट्टी
अरे देवा. मांजर नको रे.

निळं_उन्हाळं
हे वाचून परत लिहावंसं वाटलं. थोडं अवांतर आहे, नको असेल तर उडवा.
मी स्वतः जुळ्यातला आहे. आम्ही दिसायला अजिबात सारखे नाही. आमचे बाबा फार सुंदर गायचे, व्यवसाय म्हणून नाही, घरातच, पण रस्त्याने जाणारा थांबायचा असा गळा. आणि तो गळा जसाच्या तसा भावाकडे गेला. आठव्या नवव्या वर्षीच कळलं होतं. बाबा शिकवायला बसले की दोघांना बसवायचे, मी पण रोज बसायचो, आणि माझा सूर लागायचा नाही म्हणजे नाहीच. बाबा कधी काही बोलले नाहीत. फक्त हळूहळू वही पेन माझ्या हातात यायला लागलं, तू शब्द उतरवून घे म्हणून. मला वाटायचं केवढी जबाबदारी दिलीये. बारा तेरा वर्षांचा झालो तेव्हा कळलं की का दिली.
म्हणून पहिला सीझन बघताना मी जॉनथनवरून नजर हलवली नव्हती. चौथ्यात त्याला पॉवर्स आल्या तेव्हा मला आनंदपण झाला आणि वाईटपण वाटलं की हा गेला आता तिकडे. आमच्यातला राहिला नाही.
मला बाबांकडून मिळालं ते टक्कल.

शेवटचा_बाक
दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. "आमच्यातला राहिला नाही". मी वर एवढं लांबलचक लिहिलं त्याऐवजी हे एक वाक्य चाललं असतं.

गुणसूत्र
फार सुंदर लिहिलंत. फक्त सवयीने एक, टक्कल बाबांच्या माथी मारू नका, त्यातला एक महत्त्वाचा जीन एक्सवर असतो आणि मुलाला एक्स आईकडून येतो. तेव्हा आजोबांचा म्हणजे आईच्या वडिलांचा फोटो बघा. (बाकीचेही बरेच जीन असतात म्हणा, बाबा अगदीच सुटत नाहीत.)

निळं_उन्हाळं
बघितला. चंद्र उगवलाय :D
म्हणजे बाबांकडून तेही नाही!!

बंड्या_रिटर्न्स
हाहाहाहा मेलो

मधली_सुट्टी
दादा, भाऊ गातात का अजून?

निळं_उन्हाळं
नाही हो. नोकरीत अडकला, सोडलं त्याने. त्याच्या दोन्ही मुलांना आवड नाही, तो म्हणतो जबरदस्ती नको.
गातेय ती माझी मुलगी. सहा वर्षांची आहे. कुणी शिकवलं नाही, मी तर शिकवूच शकत नाही. मागच्या वर्षी आंघोळ करताना गुणगुणत होती आणि मी बाहेर टॉवेल घेऊन उभा, आणि मध्येच एका जागी तिने स्वर असा वळवला ना, बाबा वळवायचे तसा. बाबा ती जन्मायच्या आधीच गेलेत, तिने ऐकलेलं नाही कधी. मी भावाला फोन लावून दाराला धरला. तो काही बोललाच नाही बराच वेळ.

लाल_टॉवेल
मी परत रडतेय. आज पण ॲलर्जी सांगावी लागणार.
आणि मंडळी, धाग्याचा प्रश्न काय होता आठवतंय ना? नातवंडांना येतील का!

गुणसूत्र
हो की. गाण्याचा गळा काही एका जीनचं काम नाही, पण ढोबळमानाने दादा, माल तुमच्याकडे होताच. तुमच्यात दिसला नाही, तुमच्यामार्फत पुढे गेला. अशा माणसाला आमच्यात वाहक म्हणतात.

निळं_उन्हाळं
वाहक!! म्हणजे एवढी वर्षं भाऊ चालक आणि मी मागे तिकिटं फाडत होतो.

टोमणे_पोस्टाने
सुट्टे पैसे द्या दादा.